हत्तीचं शेण आणि आमची फेणी

रविवारी घरच्या ग्रुपवर दादाचा आवाज: "ई-२० नं, त्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं, स्कूटर खाल्ली. आता जीन बदललेलं यीस्ट आणून पेंढ्याचं पेट्रोल करणार म्हणे. उद्या आमची फेणीही बाटेल." लगेच अंगठ्यांची रांग. इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये मी सायकलचं पंक्चर काढत होतो, ते तसंच राहिलं.

अरे, फेणी होते कुणाच्या जिवावर? काजूच्या बोंडूबरोबर आलेलं रानटी यीस्ट रसातली साखर खाऊन अल्कोहोल, म्हणजे इथेनॉलच, करतं म्हणून. चोथा मात्र तसाच फेकला जातो. चोथ्यात, पेंढ्यात, उसाच्या चिपाडात झायलोज नावाची साखर अडकलेली असते. ती शिजवून, एन्झाइम घालून सोडवली तरी नेहमीच्या यीस्टला पचत नाही. २००३ च्या सुमारास इथल्या विद्यापीठानं एका बुरशीचा जीन यीस्टमध्ये घालून ती पचवून दाखवली. बुरशी सापडली होती भारतीय हत्तीच्या शेणात. आता बाटलं कोण? शिवाय हे यीस्ट बंद टाकीत राहतं, गोव्यात धारबांदोड्याच्या फेणीच्या भाटीत उडी मारत नाही.

इथे २०१९ पासून पंपावर ई-१० आहे, कुणी रडलं नाही. (रडलेही असतील, माझं डच बेतास बात. आणि गाडी माझ्याकडे नाहीच.) पानिपतचा कारखाना मी ग्रुपवर टाकला: २०२२ चा, वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉलचा बेत. अमेरिकेत आयोवातला, डच भागीदारीचा, २०१४ ला सुरू होऊन २०१९ ला थांबलेला, तो नाही टाकला.

दादाचं उत्तर एका ओळीचं. "तुका कितें पडलां?"

बरोबरच आहे. आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवून मी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्या दिवशी गोव्यातलं मत गेलं. बाबांचा ऊस धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्यात जायचा. कारखान्यात गाळप बंद झालं तेव्हा मी इथे होतो. वारा फिरला की खिडकीतून यीस्टच्या कारखान्याचा आंबूस वास येतो, आणि मी उगाच एप्रिलमधल्या भाटीपाशी जाऊन उभा राहतो. बायको खिडकी लावून घेते.

झायलोजवर लिहिलेला लांबलचक मजकूर मी पाठवला नाही. माझ्या वाटणीच्या बागेत यंदा बिया तेवढ्या काढल्या, बोंडू झाडाखालीच कुजले. माणसं मिळाली नाहीत. हे दादानं ग्रुपवर काढलं नाही. वहिनीकडून कळलं.