'विकून' या शब्दाबद्दल थोडं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या आठवड्यात दिवाळी अंकात आलेल्या माझ्या कथेबद्दल इथं लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आलीय. थोडक्यात सांगते. एक कथा छापून आली तर एवढं लांबण लावायची गरज नव्हती, दिवाळी अंकांना "शंभर वर्षं झाली" हे चूक आहे, सीमाभागात राहून सीमाप्रश्नावर एक ओळ नाही, आणि शेवटी हे वाक्य: "आपल्याच माणसांची बोली विकून पुण्यामुंबईला हसवणं याला विनोद म्हणत नाहीत, लेखिकाबाई."

शंभर वर्षांचं तुमचं बरोबर आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ चा, म्हणजे शंभरच्या बऱ्याच पुढं गेलो आपण. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'विकून'. आणि त्याआधी 'लेखिकाबाई'. मी तुमच्याशी कधी बोलले नाही, तुमचं नाव मला माहीत नाही, तुम्ही ते लिहिलंही नाही. मग हे 'बाई' कुठल्या नात्यानं? आमच्याकडं बेळगावच्या वडगावात भांडायचं असलं तरी आधी अक्का म्हणतात, मावशी म्हणतात, मग आवाज चढवतात. कथा आवडली नाही म्हणा, हसू आलं नाही म्हणा, मी ऐकून घेईन, सहा वर्षांत अकरा कथा पाठवल्यात त्यातल्या सात परत आल्यात, नकार कसा घ्यायचा ते मला कळतं. पण विकली म्हणजे काय हो? चार कथांचं मिळून मानधन दोन हजार तीनशे रुपये आलं. एका अंकानं तर नुसते दोन अंक पाठवले, त्यातला एक पोस्टात भिजलेला. दुकानात एका ब्लाऊजची शिलाई त्याहून लवकर हातात येते. विकायचं असतं तर मी ब्लाऊजच शिवत बसले असते, रात्री साडेदहाला मशीनवर कापड झाकून बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहीत बसले नसते.

आणि बोली कुणाची म्हणता? माझीच की. आमच्या घरात कापड विणायचे दोन माग होते. वडील मागावर, आई कांड्या भरायला, आणि मधे आम्ही पोरं. माग चालू असला की त्या खडखडाटात लांब वाक्य कुणाला ऐकूच येत नाही, त्यामुळं सगळे मोठ्यानं आणि तोडून बोलायचे, "काय करालास?" "जेवालोय!" "आलो की!" आणि धोटा (आडवा धागा नेणारा) अडकून माग थांबला की एकदम शांत व्हायचं आणि कुणाचं तरी अर्धं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. शेजारच्या काकू अर्धं कानडीत बोलायच्या अर्धं मराठीत, आई त्यांना तसंच उत्तर द्यायची, त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. विनोद मी तिथं शिकले, पुस्तकातून नंतर. ही भाषा मी कुणाच्या दारातून उचलून आणलेली नाही. दुकानात आलेल्या बायकांशी मी आजही हीच बोलते, इथं लिहिताना थोडी सावरून घेते एवढंच.

खरं सांगू, तुम्ही कथा वाचलेली नाही असं मला वाटतंय. इथं दिलेला उतारा वाचला आणि हात शिवशिवले. कथेत पुण्याचा नवा जावई वडगावच्या सासऱ्यांना फोन करतो, जेवण झालं का विचारतो. सासरे म्हणतात "जेवालोय". म्हणजे आत्ता जेवतोय, घास हातात आहे. जावयाला ऐकू येतं "जेवलोय", आणि तो निवांत पाऊण तास बोलत राहतो. नव्या जावयाला फोन ठेव कसं म्हणायचं म्हणून सासरे तसेच बसून, हात वाळला, भात गार झाला, तरी "बरं बरं" चाललंय. आता सांगा, यात हसू कुणावर आहे? आमच्या माणसावर की एक काना ऐकू न आलेल्यावर?

आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत नाही, मला त्या दिवशी रडू आलं होतं, प्रूफ आलं तेव्हा सगळीकडं "जेवालोय"चं "जेवलोय" केलेलं. शुद्धलेखनाची चूक समजून. म्हणजे कथाच संपली. मी संपादकांना फोन केला, दोनदा केला, त्यांचं म्हणणं वाचकांना छपाईची चूक वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, दुसऱ्या पानावर कळेल, नाहीतर कथा मागं घेते. पहिल्यांदाच असं बोलले कुणाशी. अठरा ठिकाणी काना परत लागला. मागच्या पोस्टमधलं ते 'लांबण' या अठरा कान्यांसाठी होतं साहेब. पुण्याच्या अंकात आमचं क्रियापद आमच्यासारखं छापून आलं, त्याचा आनंद मी चार परिच्छेद केला तर तुमचं काय गेलं?

सीमाप्रश्नाचं म्हणाल तर १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. दर १ नोव्हेंबरला, म्हणजे आमच्याकडं काळा दिवस पाळतात तेव्हा, वडील दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जायचे, त्या फिती मीच शिवायचे. त्यावर विनोदी कथा मी लिहिणार नाही. ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

शुद्धलेखनाबद्दलही तुम्ही काय काय लिहिलंय, त्यावर नंतर कधीतरी.

अंकाची एक प्रत दुकानात ठेवलीय, काउंटरवर, टेपच्या डब्याखाली. गल्लीतल्या सहा-सात बायकांनी वाचून पाठीमागं सह्या केल्यात. एकीनं तर "आमच्या ह्यांचं असंच झालंय" म्हणून जावयाचं नाव पण लिहिलंय. वडगावाकडं आलात तर वाचा. नेऊ नका, तिथंच बसून वाचा, चहा सांगते. मंगळवारी दुकान बंद असतं.