थायरॉईडची अंगदुखी आणि अश्वगंधावाला मेसेज

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की थायरॉईडमुळे अंग दुखत असेल तर दुधातून अश्वगंधा घ्या, दणकून व्यायाम करा, केळी खा, आणि थायरॉईडच्या गोळीने दुखणं वाढलं तर गोळी सोडा. ज्यांचा थायरॉईड जास्त चालतो त्यांनी यातलं काहीही करण्याआधी प्लीज हे वाचा.

आधी "थायरॉईडमुळे" हेच मोघम आहे. मंद थायरॉईडमध्येही अंग दुखतं आणि जास्त चालणाऱ्यातही, पण औषधं अगदी उलटी. रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) कमी आणि टी३, टी४ (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) वाढलेले म्हणजे थायरॉईड जास्त चालतोय, टीएसएच कमी दिसला की थायरॉईड कमी झाला असं बरेच जण समजून बसतात.

अश्वगंधा तर नकोच. त्याने थायरॉईडचं हार्मोन आणखी वाढू शकतं, तसे पेशंट डॉक्टरांनी नोंदवलेत. इथे आधीच हार्मोन जास्त झालंय आणि तेच स्नायूंमधलं प्रोटीन तोडतंय, म्हणून मांड्या आणि खांदे आधी जातात. माझ्या आईला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा, वेणी घालताना हात मध्येच खाली यायचे, आणि आम्ही सगळे वय झालं वय झालं म्हणत राहिलो. सीपीके टेस्ट (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) यात बऱ्याचदा नॉर्मल येते, तेव्हा ती नॉर्मल आली म्हणून "काही नाही, मनाचे खेळ" असं कोणी म्हणू नये.

दणकून व्यायामही आत्ता नको, नाडी आधीच पळत असते. हार्मोन ताब्यात येईपर्यंत सावकाश चालणं, शेक, पोटभर प्रोटीन, जिना चढताना कठड्याचा आधार, एवढं पुरे. धडधड आणि थरथर कमी करायला डॉक्टर प्रोप्रानोलॉल देतात, दमा असेल तर त्यांना आधीच सांगा. ताकद परत येते, पण महिने लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून उपचार बदलत बसू नका.

केळ्यांचं, म्हणजे पोटॅशियमचं म्हणाल तर या आजारात काहींचं, जास्त करून तरुण पुरुषांचं, पोटॅशियम अचानक घसरतं, रात्री भरपूर भात-गोड खाऊन झोपतात आणि सकाळी पाय उचलतच नाहीत. तेव्हा केळी सोलत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

आता गोळी. कार्बिमॅझोल, म्हणजे वाढलेलं हार्मोन कमी करणारी गोळी, सुरू केल्यावर काहींना खरंच गोळे येतात, अंग दुखतं, कारण हार्मोन फार भरकन खाली येतं, मेसेजमधलं एवढंच खरं. पण म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा, ते टी४ आणि सीपीके बघून डोस कमी करतील. मात्र ताप किंवा घसादुखी अचानक आली तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून डॉक्टरांना दाखवा, कारण या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.