धार पडतेय म्हणजे पंप ठीक? आउटबोर्डच्या इम्पेलरवर फिरणाऱ्या मेसेजबद्दल

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय, त्यात माझा सख्खा मेहुणापण आला. मजकूर थोडक्यात असा: आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे लावतात त्या मशीनच्या, मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार पडतेय तोवर वॉटर पंपाला हात लावायचा नाही, मशीन दोन-तीन मिनिटं कोरडं चाललं तरी इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या रबरी चाकाला) काही होत नाही, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत उभं राहिलेल्या मशीनचा इम्पेलर नव्यासारखाच असतो, पाती वाकली तर उलटा करून बसवा अजून एक वर्ष निघतं, आणि एखादं पातं तुटलंच तर ते पाण्याबरोबर बाहेर पडतं. दरवर्षी इम्पेलर बदला हे म्हणे दुकानदारांनी काढलेलं खूळ. शेवटी हात जोडलेले आणि "प्रत्येक मच्छीमार भावापर्यंत पोचवा".

माझी हर्णैच्या बाजूला छोटी फायबरची बोट आहे, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन, पर्यटक आले की सकाळी डॉल्फिन दाखवायला नेतो. मी काही मेस्त्री नाही, पण गिअरकेस (मशीनचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) इतक्या वेळा उतरवलीय की झोपेत पण बोल्ट मोजेन. म्हणून लिहितोय, कारण या मेसेजमधली पहिली गोष्ट मी स्वतः दोन वर्षं खरी मानून चाललो होतो.

धारेचंच आधी बघू. इम्पेलर म्हणजे गिअरकेसच्या डोक्यावर, उभ्या शाफ्टवर बसलेलं रबराचं फूल, बहुतेक सहा पाकळ्यांचं. ते ज्या वाटीत फिरतं ती वाटी मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे पातं रुंद बाजूला आलं की उघडतं आणि पाणी ओढतं, अरुंद बाजूला आलं की दबतं आणि पाणी वर ढकलतं. हे झालं हळू फिरताना. ॲक्सिलेटर पिळला की पाण्याच्या दाबाने पाती वाटीच्या भिंतीपासून सुटतात आणि मग तो नुसता फेकणारा पंप होतो, तिथे पात्याच्या कडा झिजलेल्या असल्या तरी काम भागतं. म्हणजे झिजलेला इम्पेलर फुल स्पीडला मस्त धार मारतो आणि खरा उघडा पडतो तो मशीन आयडलला, म्हणजे एकदम हळू, असताना. आता आम्ही डॉल्फिनवाले काय करतो? जोरात जातो आणि मग तिथे वीस-वीस मिनिटं मशीन हळू ठेवून घुटमळतो, वरून पोरंटोरं ओरडतायत, कोणाचं मागे धारेकडे लक्ष असणार!

माझं नेमकं तेच झालं, दिवाळीच्या सुट्टीत. जाताना धार करंगळीएवढी जाड. तिथे पोचून घुटमळलो तर थोड्या वेळाने रंग करपल्यासारखा वास आला, मला वाटलं कोणाच्या तरी बॅगेत काही जळतंय, मागे वळून बघतो तर धार नाही, नुसते थेंब आणि वाफ. बंद करेपर्यंत मशीन आपणहून बंद पडलं. जुनं टू-स्ट्रोक, त्याला ना बझर ना काही, नवीन फोर-स्ट्रोक निदान बोंबलतात आणि स्वतः स्पीड उतरवतात. ओहोटी लागलेली, बोटीत सहा माणसं, दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. पिस्टन घासला होता. त्या खर्चात किती इम्पेलर आले असते ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

त्यात अजून एक भानगड अशी की काही मशीनमध्ये ही धार पाणी ब्लॉकभर, म्हणजे सिलिंडरांभोवती, फिरण्याआधीच फुटून बाहेर काढलेली असते. म्हणजे धार सांगते की पंप थोडं तरी पाणी वर टाकतोय, बास. सिलिंडरच्या डोक्यापर्यंत पाणी पोचलं की नाही ते तिला माहीत नाही. आणि उलटंपण होतं: धार बंद म्हणजे इम्पेलर मेला असंही नाही. खालच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते, हे तर आपल्या समुद्रात रोजचं. नाहीतर मशीन पावसाळ्यात शेडमध्ये उभं असताना कुंभारमाशीने त्या भोकात मातीचं घर बांधलेलं असतं. माझ्याकडे एकदा निघालं, आत अळी सकट. जाड तंगूस आत सारायचा, दोन मिनिटात मोकळं. त्यामुळे गिअरकेस उतरवायच्या आधी जाळी आणि भोक बघा, उगाच घाम काढू नका.

आता "कोरडं चाललं तर चालतं". नाही चालत. त्या वाटीत रबराला वंगण कुठलं तर पाणीच, आणि थंड ठेवणारं पण तेच. पाणी नसलं की रबर स्टीलवर घासतं, तापतं, कडा काळ्या चकचकीत होऊन कडक पडतात, याला मिनिटंसुद्धा लागत नाहीत, काही सेकंदात सुरू होतं. किनाऱ्यावर "बघू जरा स्टार्ट होतंय का" म्हणून दोरी ओढणारे सगळे हेच करतात. मेसेजमध्ये एक उपाय पण दिलाय, आत ग्रीस भरून ठेवा म्हणजे कोरडं चाललं तरी हरकत नाही. पाण्याचं काम ग्रीस करत नाही हो. बसवताना पाती सरकायला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, तेवढं पुरतं. ग्रीस शाफ्टच्या वरच्या दात्यांना, ते पण बाजूने, टोकावर गोळा ठेवलात तर शाफ्ट वर नीट बसतच नाही. टेस्ट करायची तर मशीन ड्रमात बुडवून करा, आणि पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चांगलं वर पाहिजे, कारण पंप त्या पट्टीच्याही वर असतो.

बंदीतल्या मशीनचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, म्हणूनच लोक फसतात. 1 जून ते 31 जुलै बोट वर, मशीन चाललंच नाही तर झिजणार काय? पण वाटी एका बाजूला सरकलेली आहे ना, मग दोन-तीन पाती तेवढे सगळे दिवस दबून वाकलेल्या अवस्थेतच उभी असतात आणि रबराला ती वाक लागते. ऑगस्टमध्ये काढून बघा, तीन पाती सरळ आणि तीन पोक काढलेली. सुरू केलं की ती वाटीला टेकतच नाहीत.

उलट रोज चालणाऱ्याला वर्षाचा हिशोबच लागू नाही. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 100 तासांनी किंवा वर्षाने तपासा आणि 200-300 तासांच्या आसपास बदला अशा भाषेत लिहिलेलं असतं, मॉडेलप्रमाणे थोडं पुढेमागे. दिवसाला चार तास धरा, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले 100 तास एका महिन्यात. म्हणजे रोज जाणाऱ्याची तीनशेची गोष्ट तीन महिन्यात संपते आणि मेसेज लिहिणारा माणूस बहुतेक रविवारी फिरायला जाणारा असावा. शिवाय आपलं पाणी. खाडीच्या तोंडाला गाळ, किनाऱ्याला लागताना पंखा वाळू उडवतो आणि पंप ती वाळूच गिळतो. नुसता इम्पेलर नाही, वाटी आणि खालची स्टीलची प्लेट पण ओरखडते. नखाने ओरखडा लागत असेल तर नवीन इम्पेलर टाकून उपयोग नाही, पंपाचं अख्खं किट टाका.

उलटा करून बसवायचं? मी करून बघितलंय, खोटं कशाला बोलू. पहिले आठ दिवस छान चालला. एका बाजूला वाकायची सवय झालेलं रबर उलट बाजूला वाकवलं की मुळाशी चिरा पडतात, बाहेरून दिसत पण नाहीत, पातं हाताने वाकवून मुळाशी उजेडात बघावं लागतं. आणि कडा तर झिजलेल्याच असतात, त्या उलट केल्याने भरून येत नाहीत. यातच अजून एक: नवीन इम्पेलरवर वाटी दाबून बसवताना शाफ्ट फिरवत बसवायची, बहुतेक आउटबोर्डना वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखी, म्हणजे पाती मागे लोळतात. उलट फिरवलीत तर नवा माल पहिल्याच दिवशी उलटा वाकून बसला.

तुटलेल्या पात्याचं सांगून टाकतो, हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. पातं बाहेर जात नाही. कुठे जाणार? वरच्या नळ्या आणि वाटा अरुंद होत जातात. माझ्या इम्पेलरची सहापैकी दोन पाती गायब होती, एक पाण्याच्या नळीत वरच्या टोकाला आडवं अडकलेलं, आणि दुसरं काही केल्या मिळेना, शेवटी मेस्त्रीने थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडला तर त्याच्या मागे. ते तसंच ठेवून नवीन इम्पेलर घातला असता तर परत तेच झालं असतं. मोठ्या बोटीतल्या डिझेल मशीनला पण तेच, तिथे तुकडे जाऊन कूलरच्या तोंडाशी बसतात. म्हणून जुना इम्पेलर बाहेर आला की टेबलावर ठेवून पाती जुळवायची, जिगसॉ सारखी, आणि तुकडा कमी असेल तर तो मिळेपर्यंत उघडलेलं मशीन झाकायचं नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट बरोबर आहे तीपण सांगतो, आल्यावर गोड्या पाण्याने मशीन फ्लश करा असं लिहिलंय. करा. रोज करा.

मेहुण्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर "तुझं आपलं काहीतरी" म्हणाला, पण परवा रविवारी आला मशीन घेऊन. किनाऱ्यावरच उतरवली गिअरकेस. एक बोल्ट मिठाने असा धरलेला की तेल मारून तासभर चहा प्यायला गेलो. उघडलं तर पाच पाती पूर्ण आणि एक अर्धं. तो त्या अर्ध्याकडे बघत बसला आणि मी नळीतून तुकडा काढला. मग नवीन इम्पेलर बसवायची वेळ आली तर शाफ्टवरची ती छोटी चंद्रकोरी चावी नाही, जिच्याशिवाय इम्पेलर फिरतच नाही. वाळूत पडलेली. लोहचुंबक फिरवलं तर चिकटेना, स्टेनलेसची. चाळण आणून वाळू चाळली, अंधार पडायला आला. मिळाली शेवटी, मेहुण्याच्या चपलेच्या तळाला ग्रीसमध्ये चिकटलेली.