वयामुळे नाही, जोडीदारामुळे

ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टची कारकीर्द वाढत्या वयामुळे लवकर संपते, हे लेखातलं वाक्य मला पटलं नाही. सांगलीत माझी मुलगी सहा वर्षं हा खेळ खेळली. ती टॉप होती, म्हणजे सगळ्यांत वर उभी राहणारी. मुलींच्या ग्रुपमध्ये तिघी लागतात, मुलांच्यात चौघं. खालची बेस, म्हणजे टॉपला उचलून धरणारी मुलगी, बारावीला गेली, घरच्यांनी क्लास लावला आणि ग्रुप तिथंच फुटला. माझी पोरगी तेव्हा चौदा वर्षांची, अंगात पूर्ण ताकद. एकटीनं करायचा प्रकारच या खेळात नाही, मग ती जाणार कुठं? नवी बेस शोधायला आम्ही मिरजेपासून साताऱ्यापर्यंत फिरलो. उंची-वजन जुळलं तरी भरवसा लगेच जुळत नाही. हवेत फेकलेली पोर झेलणारे हात ओळखीचे व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्या काळात तिची उंची वाढली आणि टॉपची जागाही गेली.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. 2018 च्या ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिम्पिकमध्ये मिश्र जोडीचा प्रकार होता, तेवढाच. त्यामुळे "पुढं काय?" असं बेसच्या आईनं विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिला मी आजही दोष देत नाही. आपल्याकडं मल्लखांबाची पोरं ढिगानं आहेत, त्यांच्यातून जोड्या लहानपणीच बांधा आणि प्रत्येक ग्रुपमागं एक राखीव खेळाडू तयार ठेवा, एवढंच प्रशिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे.