डबल बेल

सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले असतील तर जावयाने चारचाकी घेऊ नये. घेतलीच तर मे महिन्यात ती कोकणात नेऊ नये. नेलीच तर सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवू नये. आमच्याकडे हे तिन्ही योग एकाच सुट्टीत जुळून आले.

नानांची खाकी गेली, तिकिटांचा ट्रे गेला, पंच गेला. हुकमत तेवढी राहिली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, म्हणून दर १ जूनला त्यांच्याकडे शिरा होतो. त्या पहिल्या गाडीचे वाहक लक्ष्मण केवटे होते, हे आमच्या कन्येला बाराखडीच्या आधी पाठ झालं. चालक किसन राऊत होते, हे मात्र मला स्वतः शोधून काढावं लागलं. नानांच्या इतिहासात ड्रायव्हर हा इंजिनचाच एक सुटा भाग असतो. गाडी ड्रायव्हर चालवतो, पण नेतो कंडक्टर, हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते माझ्या गाडीला लागू होणार नाही अशी आशा मी का बाळगावी?

बेत बायकोने आखला होता. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर, मग किनारा धरून बाणकोट, आंजर्ले, दाभोळ, गुहागर करत गणपतीपुळे. मधल्या सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तिन्ही नद्यांच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, म्हणजे महामार्गाची कटकट कमी. नानांनी हे सगळं एका कागदावर उतरवलं, प्रत्येक गावापुढे सुटण्याची वेळ टाकली आणि खाली 'वाहक' लिहून सही ठोकली. शेजारी 'चालक' असं लिहून जागा मोकळी ठेवलेली पाहून मला बरं वाटलं. पेन उचललं, तर म्हणाले, "तुमची सही गाडी पोचल्यावर, जावईबापू."

पहाटे पाचची गाडी. सव्वापाचला पिशव्या चढत होत्या. सासूबाईंनी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या आणि कैरीच्या पन्ह्याची दोन लिटरची बाटली घेतली होती. "वाटेत काय मिळेल, न मिळेल." पुण्याहून निघालं की चांदणी चौकापासून हाटेलं सुरू होतात ती समुद्र लागेपर्यंत संपत नाहीत, पण हे बोलायची सोय नाही. नाना मागे उभे राहून ओरडत होते, "जड लगेज टपावर टाका!" माझ्या गाडीला कॅरिअर नाही हे कळल्यावर त्यांनी ज्या नजरेने गाडीकडे पाहिलं, त्याच नजरेने बघण्याच्या कार्यक्रमात माझ्याकडे पाहिलं होतं.

सगळे बसले. मी गाडी सुरू केली, पहिला टाकला आणि नानांनी हात आडवा घातला. "बेल दिली का?" मग बोटातली अंगठी त्यांनी काचेवर दोनदा वाजवली. टण टण. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पुढचा सगळा प्रवास मी या अंगठीवर केला. रिकाम्या रस्त्यावर एकदा सहज टण झालं म्हणून ब्रेक मारला, तर त्यांना माशी मारायची होती.

ताम्हिणीत कन्येला गाडी लागेल अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळे सासूबाईंनी तिच्या खाली वर्तमानपत्र घातलं होतं, एका हातात लिंबू दिलं होतं, दुसऱ्यात आवळासुपारी. कन्या लिंबाला डोळे काढत बसली. तिला काहीही झालं नाही. मुळशीचं पाणी मागे पडलं, वळणं सुरू झाली आणि नाना गप्प झाले. नाना गप्प झाले हे कळायलाच आम्हाला दोन वळणं लागली. मग घाईघाईने एकच टण. मी गाडी कडेला घेतली.

उभ्या आयुष्यात हजारो लोकांना घाटातून नेणारा माणूस, पण घाटातच तिकिटं फाडायची असायची. त्यामुळे वळणावर बसून राहण्याचा सराव कधी झालाच नव्हता. तोंडावर पाणी मारून परत येताना म्हणाले, "मला काही लागलेली नाही. ब्रेक जरा हळू दाबत चला. उभं राहता आलं असतं तर प्रश्नच नव्हता." बायको मागून म्हणाली, "सनरूफवालं मॉडेल घेऊ, असं मी तेव्हाच म्हणत होते." वर्तमानपत्र आणि लिंबू कन्येकडून नानांकडे वर्ग झालं.

या गडबडीत पन्ह्याच्या बाटलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिचं झाकण वळणावळणाने सैल होत होतं, ते निजामपूरच्या आसपास निघालं. गूळ घातलेलं दोन लिटर पन्हं मागच्या सीटखालच्या कार्पेटने शांतपणे पिऊन टाकलं. सासूबाई हळहळल्या, "वेलदोडा घातला होता हो." पुढच्या प्रत्येक गावातल्या मुंग्यांना हा वेलदोडा कळत गेला. रायगड जिल्ह्यातल्या काळ्या होत्या, रत्नागिरी जिल्ह्यात लाल आल्या.

माणगावात महामार्ग बाजारपेठेतूनच जातो आणि मेच्या सुट्टीत निम्मी मुंबई त्याच बाजारपेठेतून कोकणात उतरते. गाड्या जागच्या हलेनात. नानांच्या तोंडावर रंग परत आला. दार उघडून ते खाली उतरले, खिशातून शिट्टी काढली (ती त्यांच्याजवळ आहे हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं) आणि चौकात जाऊन उभे राहिले. विश्वास बसणार नाही, पण कोंडी सुटली. इतकी झटकन सुटली की मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, मला पुढे जावंच लागलं आणि आमचा कंडक्टर चौकातच राहिला. थांबायला जागा मिळेपर्यंत मी मोर्ब्याच्या रस्त्याला लागलो होतो. थोड्या वेळाने नाना एका अनोळखी पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. "कंडक्टर न घेता गाडी हलवली? मेमो मिळतो याला, मेमो!" मागच्या सीटवर हसण्याचा आवाज झाला. माझीच बायको, माझीच मुलगी.

हरिहरेश्वरला भरती होती, म्हणून खडकावरची प्रदक्षिणा बंद. नानांच्या कागदावर प्रदक्षिणेला दिलेला वेळ वाचला, त्यावर ते खूश. बागमांडल्याला फेरीबोट लागलेलीच होती. पलीकडे वेसवी दिसत होतं. तिकीटवाल्याकडून नानांनी गाडीची पावती घेतली, माणशी तिकिटं घेतली, नंबर तपासले, घड्याळाच्या पट्ट्यात खोचली आणि जाहीर केलं, "चला, चढवा."

बोटीवरचा खलाशी म्हणाला, "दादा, रिव्हर्स घ्या. बोटीला तोंड एकच हाय, उलटी चढवलीत की तिकडं सरळ उतराल." मला जेमतेम एका गाडीची जागा होती. डावीकडे टेम्पो, उजवीकडे दोन मोटारसायकली, मागे टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आणि त्यांच्यामागे अरबी समुद्राकडे निघालेली सावित्री. खलाशी डाव्या बाजूला उभा राहिला. नाना उजव्या बाजूला. दोघांकडेही शिट्टी.

"येऊ द्या, येऊ द्या," नाना म्हणाले. "थांबा, थांबा," खलाशी म्हणाला. "स्टेअरिंग पूर्ण काढा!" "आता सरळ करा!" "अजून ट्रकभर जागा आहे!" "ओ काका, तुम्ही कोण?" यावर नानांनी आपली पूर्ण सेवा सांगायला सुरुवात केली. स्वारगेटपासून सुरू झाले. गाडी अर्धी उतारावर, अर्धी बोटीवर, क्लचचा वास सुटलेला. नाना निवृत्तीपर्यंत पोचेपर्यंत माझा पाय थरथरायला लागला. शेवटी दोन्ही शिट्ट्या एकदमच वाजल्या, मागे काहीतरी करकरलं आणि एक खणखणीत बाईमाणसाचा आवाज आला, "ओ भाऊ, माझी पाटी खाल्लीत की!"

सुक्या बोंबलांची पाटी होती. बाईला काही झालं नव्हतं, पाटीची एक कड चेपली होती आणि वरचे थोडे बोंबील बोटीच्या पत्र्यावर पसरले होते. खाडी ओलांडायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात तिने माझ्या डोळ्यांपासून सुरुवात करून ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. भरपाई म्हणून मी बोंबील विकत घेतले. किती, ते तिनेच ठरवलं. सासूबाई माळकरी. त्यांनी पदर नाकाला लावला तो गुहागरपर्यंत काढला नाही. मी पिशवी वेसवीला उतरल्यावर कुणाला तरी देऊन टाकू म्हटलं, तर नाना म्हणाले, "पैसे मोजलेत. लगेज सोडायचं नाही." लग्नाआधी नाना बोंबील खात असत, एवढीच माहिती बायकोने हळूच पुरवली.

आंजर्ल्याला एका घरी मुक्काम होता. जेवणाची पानं किती, ते आधीच फोनवर सांगितलेलं. गरम मोदक, वर तुपाची धार. प्रवासातली ही एक संध्याकाळ अशी की तिच्यात काहीच बिघडलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त घरमालकांनी बोंबील ओसरीवर ठेवू दिले नाहीत, मांजरं फार आहेत म्हणून. ते काचा बंद करून गाडीतच मुक्कामी राहिले.

सकाळी दार उघडलं. सुकलेलं पन्हं आणि रात्रभर कोंडलेले बोंबील. कन्येने पहिल्यांदा लिंबू मागितलं. वर कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, म्हणजे सोवळ्यात कडक. सासूबाईंनी बजावलं की ती पिशवी घेऊन देवळाच्या आवारात यायचं नाही. म्हणून मी रस्त्याच्या कडेला आंब्याच्या झाडाखाली बोंबील मांडीवर घेऊन बसलो आणि बाकीचे दर्शनाला गेले. येणारे-जाणारे भाव विचारत होते. दोघांना तर खरंच हवे होते, पण लगेज सोडायचं नाही असा हुकूम.

दाभोळला पुन्हा बोट, पुन्हा रिव्हर्स. या वेळी मी काचा वर करून आरशात बघून गाडी सरळ चढवली. नाना दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. गुहागरला मात्र त्यांचा दिवस उजाडला. कुणीतरी आपली नवी कोरी उंच गाडी थेट पुळणीत घातली होती. चाकं रुतलेली, भरतीचं पाणी पावलापावलाने जवळ येतंय, मालक फोनवर कुणाला तरी इंग्रजीत ओरडतोय. नानांनी धोतराचा काचा मारावा तशी पँट दुमडली, फळ्या मागवल्या, टायरमधली हवा कमी करायला लावली, दहा-बारा पोरं दोराला लावली आणि शिट्टी फुंकली. गाडी निघाली. टाळ्या वाजल्या. मालकाने नानांचे हात धरले. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? ऐकणारा ड्रायव्हर असला की असं होतं."

तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. डोंगराची प्रदक्षिणा झाली आणि खरेदी सुरू झाली. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उपयोग बागवाल्याने भाव सांगताना केला आणि बायकोने तो कमी करताना. दोन पेट्या घेतल्या. आंबा कच्चाच होता, पेंढ्यात बसवलेला, घरी जाऊन पिकणार. फणस मात्र नानांनी निवडला. काप्या की बरका यावर बागवाल्याशी अर्धा तास चर्चा करून त्यांनी कापा घेतला, थाप मारून कान लावला आणि सांगितलं, "चार दिवस हात लावायचा नाही." एवढं धूड डिकीत मावेना. मग ते मागच्या सीटवर बायको आणि सासूबाई यांच्यामध्ये बसलं, कन्या मांडीवर आली, पेट्या पायाशी गेल्या.

चार दिवस कुठले! मेच्या उन्हात बंद गाडीत फणसाने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की आपण तयार आहोत. बोंबील होतेच. चिपळूण येईपर्यंत काचा उघड्या टाकल्या तर ऊन, लावल्या तर वास, एसी लावला तर तोच वास गार होऊन येत होता.

चिपळूण स्टँडवर चहाला थांबलो. कुंभार्ली घाटातून जाणारी चिपळूण-पुणे गाडी फलाटाला लागली होती. नाना उभ्या उभ्या चहा पीत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून आधार कार्ड काढलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. "मी येतो मागून," असं म्हणून ते पुढे निघाले.

"अरे, या वयात नाना एकटे कसे जातील?" बायको म्हणाली. तिला २०२३ पासून अर्धं तिकीट. "मग मी तरी मागे एकटी काय करू?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही अर्धं. कन्या हाफ तिकीट, आणि ती तर केव्हाच खिडकी धरून बसली होती. पेट्रोल तेवढं मला पूर्ण भावाने. मी, फणस, दोन पेट्या, बोंबील आणि लाल मुंग्या असे घाट चढायला लागलो.

घाटात एसटी पुढे आणि मी मागे. ओलांडून जाता येईना. मागच्या काचेतून कन्या हात हलवत होती. नाना कंडक्टरच्या शेजारी उभे होते, दांडी न धरता, वळणागणिक डोलत, आणि तोंडावर एवढं समाधान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पाटणच्या पुढे बायकोचा फोन आला. "दुपारच्या भाकरी-भाजीचा डबा तुझ्याकडे राहिलाय. गाडी साताऱ्याला थांबेल. नानांना औषध घ्यायचंय, जेवणाआधी नको. मागेच राहा."

साताऱ्याला मी गाडी बाहेर लावली आणि डबा घेऊन स्टँडमध्ये धावलो. खिडकीतून डबा आत गेला. चटणी राहिली म्हणून परत गाडीकडे धावलो, चटणी आणली. तोपर्यंत ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. दारात कंडक्टर दोरीला हात घालून उभा होता. घामाघूम होऊन चटणीची बरणी धरून धावत आलेला माणूस बघून त्याला दया आली असावी.

"चढायचंय का तुम्हाला?" त्याने विचारलं.

नाना आतून म्हणाले, "छे, ते आपले पॅसेंजर नव्हेत. चटणी घ्या आणि सोडा गाडी."