तुपाचं वंगण आणि टायगरचं वजन

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर दोघांनी, मग मिरजेच्या मावसभावानं आणि शेवटी आमच्या थोरल्या काकांनी, खाली हात जोडून. मथळा ‘श्वानप्रेमींनी जरूर वाचा’. मजकूर थोडक्यात असा: लॅब्राडॉर जात्याच जाड, त्याला बारीक करणं म्हणजे मुक्या जनावराचा छळ. गुबगुबीत कुत्रा जास्त जगतो. नसबंदीनंतर सुटलेलं अंग पुन्हा आटोक्यात येत नाही. तरीही वजन उतरवायचंच असेल तर रात्रीचं जेवण तोडा, गाडीमागं पळवा, भाकरी-चपाती कायमची बंद करा, बिस्किटाऐवजी बेदाणे द्या आणि रोज सकाळी हळद-तुपाची गोळी चारा. तिनं चरबी वितळते आणि सांध्यांना वंगण मिळतं.

काकांना फोनवर समजवायला गेलो तर म्हणाले, ‘आता शेतात हाय, लिहून धाड, निवांत वाचतो.’ म्हणून हे लिहिलं.

मेसेजचा क्रम मोडून बेदाण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत घातक सल्ला हाच, यानं कुत्रा मरू शकतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. थेट मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, दुसऱ्याला थोडेही भोवतात, आणि आपला कुत्रा कुठला हे आधी कळायला मार्ग नाही. अलीकडच्या काही वर्षांत संशयाची सुई द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे वळली आहे, चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झाल्याचं दिसलं आहे. आधी उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो, आणि मग दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. तोवर फार उशीर झालेला असतो, म्हणून बेदाणे पोटात गेल्याचं कळताक्षणी डॉक्टर गाठायचा, उलटीची वाट बघायची नाही. हा सल्ला पुण्या-मुंबईत कुणी पाळला तर त्याला निदान बेदाणे विकत आणावे लागतील. आपल्याकडे सांगलीत तासगावच्या पाहुण्यांनी दिलेली पिशवी घरात असतेच आणि पोरं येता-जाता मूठ भरतात. आमच्याकडे ती पिशवी आता लॉफ्टवर गेली आहे. भडंगाचा डबाही, कारण त्यात तेल-मीठ आहेच, शिवाय लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

आता तूप. मेसेजमधला हा सगळ्यांचा आवडता मुद्दा, आणि खरं सांगायचं तर गेल्या दिवाळीपर्यंत माझाही. आमचा टायगर सहा वर्षांचा, नसबंदी झालेला लॅब्राडॉर. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागला तसं आईनं त्याच्या जेवणात दोन चमचे तूप वाढवलं. ‘सांधं वाळल्यात त्येचं,’ म्हणाली. दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालतो त्यावरून हे डोक्यात बसलं असावं. पण पोटात गेलेलं तूप सांध्यात जाऊन बसत नाही. ते आतड्यात पचतं, त्याची ऊर्जा होते, आणि खर्च झाली नाही तर चरबी होते. सांध्यातलं वंगण सांध्याचं स्वतःचं अस्तर तयार करतं. उलट, वाढलेलं प्रत्येक किलो त्याच दुखऱ्या सांध्यावर बसतं. एकदम जास्त तूप-तेल पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते, ते दुखणं वेगळंच आणि वाईट. हळदीबद्दल सांगलीच्या माणसानं वाकडं बोलू नये, पण आपल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही चरबी वितळवण्याबद्दल नव्हे.

‘गुबगुबीत कुत्रा जास्त जगतो’ या वाक्यावर तर थेट लॅब्राडॉरवरच प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत 48 पिल्लं घेतली, एकाच विणीतल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खायला घातलं, त्यापेक्षा 25 टक्के कमी दुसऱ्याला, आणि हे जन्मभर चालवलं. निष्कर्ष 2002 साली छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 13 वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं 11.2. जवळपास पावणेदोन-दोन वर्षांचा फरक, आणि सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. यात जास्त खाणारे काही ढोल झालेले नव्हते. आपण ज्याला ‘चांगला भरलाय’ म्हणतो तेवढेच होते ते.

लॅब्राडॉर जात्याच जाड, या म्हणण्यात मात्र एक कण खरा आहे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असा कुत्रा अन्नामागं जास्त लागतो. म्हणजे टायगर ताटाकडे बघून जी लाळ गाळतो ती नाटकी नसेलही. पण जनुकानं भूक दिली, फ्रीज उघडायचा हात नाही दिला. गंमत अशी की आपल्याच भागात मुधोळ जातीचे सडपातळ शिकारी कुत्रे पाळणारे लोक आहेत. त्यांच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात, कंबर मुठीत मावेल अशी, आणि कुणी त्यांना ‘उपाशी ठेवता काय ओ’ विचारत नाही. तीच माणसं लॅब्राडॉरची पाठ टेबलासारखी सपाट झाली की कौतुकानं थोपटतात. लॅब्राडॉरच्या फासळ्या दिसायला नकोत हे बरोबर, पण हलका हात फिरवला तर बोटांना लागायला हव्यात. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसावी, बाजूनं बघितलं तर पोट वर ओढलेलं. टायगरच्या फासळ्या शोधायला मला बोटं रुतवावी लागत होती.

नसबंदीचा मुद्दा दोन ओळींचा आहे. ऑपरेशननंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्यानं घटते आणि भूक वाढते. वाटी त्याच आठवड्यात लहान केली की अंग सुटत नाही, आणि सुटलेलं परतही येतं.

रात्रीचं जेवण तोडण्याचा उपाय आम्ही करून बघितलाय. तिसऱ्या रात्री टायगरनं कचऱ्याची बादली उलथी केली आणि पाचव्या रात्री आईनं गुपचूप चपाती टाकली. तेही बाजूला ठेवू. खरी अडचण ही की नेहमीचंच खाणं अर्ध्यावर आणलं तर कॅलरीबरोबर प्रथिनं आणि खनिजंही अर्धी होतात, आणि चरबीसोबत स्नायूही झडतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी प्रथिनं आणि तंतू जास्त असलेला वेगळा आहार देतात, दिवसाचं ठरलेलं माप दोन-तीन वेळांत विभागून.

भाकरीला तर उगाच बदनाम केलंय. कुत्र्यानं माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं काढली, त्यात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या, हे 2013 साली सिद्ध झालंय. भाकरी त्याला पचते. प्रश्न तिच्या मोजणीचा आहे, आणि आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

मार्केट यार्डात मित्राचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथल्या काट्यावर टायगरला बसवलं तेव्हा आकडा आला 41 किलो. हमाल हसायला लागले. डॉक्टरांनी तपासून लक्ष्य दिलं 32. थायरॉइडसाठी रक्तही तपासलं, कारण काही कुत्र्यांचं वजन त्यानंच वाढतं आणि ते गोळीनं आटोक्यात येतं. आमचं नॉर्मल निघालं, म्हणजे दोष घरातच. मग त्यांनी मोबाइलवर हिशेब करून दाखवला, तो कुणालाही जमेल: लक्ष्याचं वजन तीनदा गुणा, म्हणजे 32 गुणिले 32 गुणिले 32. येईल त्याचं वर्गमूळ काढा, पुन्हा एकदा वर्गमूळ काढा आणि 70 नं गुणा. उत्तर 940 च्या आसपास. तेवढ्या कॅलरी दिवसाला, सगळं धरून, सुरुवातीला.

त्या रात्री मी, बायको, आई आणि दोन्ही पोरं वही घेऊन बसलो. डॉगफूड सुमारे 1,100. सकाळचं म्हशीचं पाव लिटर दूध 250. आईची एक ज्वारीची भाकरी 240. माझ्या चहाबरोबरची आणि पोरांच्या अभ्यासाबरोबरची मिळून सहा ग्लुकोज बिस्किटं 150. दोन चमचे तूप 90. बेरीज 1,830. जवळजवळ दुप्पट! प्रत्येकाला वाटत होतं, मी तर एवढंसंच देतो. वरचा खाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचा असतो, म्हणजे टायगरसाठी 94 कॅलरी. आईला तिची भाकरी सोडवेना, म्हणून त्या 94 आईला दिल्या. दीड चतकोर भरते. बाकीच्यांनी काकडी आणि गाजर.

गाडीमागं पळवण्याबद्दल. विश्रामबागच्या रस्त्यावर हे दृश्य मी बघतो आणि जीव वर-खाली होतो. कुत्र्याला घाम पंजांशिवाय कुठं येत नाही, तो धापेनं थंड होतो, आणि चरबीचा थर ती उष्णता अडवतो. एप्रिल-मेच्या डांबरावर पंजे भाजतात ते वेगळंच. शिवाय हिशेबही बसत नाही: 40 किलोचा कुत्रा एक किलोमीटर चालला तर ढोबळमानानं 40 कॅलरी जळतात, म्हणजे दीड बिस्किट. चालणं हवंच, स्नायू टिकतात, डोकं ताळ्यावर राहतं. आम्ही पहाटे सहाला घाटावर जातो, आयर्विन पुलाखालून परत. पण वजन उतरतं ते वाटीतून. पोहणं सांध्यांना सगळ्यात सोपं, हेही कुणी सुचवतं. सुचवणाऱ्यानं कृष्णेत मगरी आहेत हे लक्षात ठेवावं, भिलवडी-औदुंबरकडच्यांना तर सांगायला नको.

आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत उतार ठीक, त्याहून घाई नको. आमचा त्याहून हळूच झाला. आठ महिन्यांत 41 चे 33.6 झाले. मधे पुतणीच्या लग्नात पूर्ण महिना काटा हललाच नाही, मांडवात कुणी काय चारलं देव जाणे. आता तो जिना एका दमात चढतो आणि वर जाऊन शेजाऱ्यांच्या दारात बसतो, कारण त्या काकूंना अजून वहीबद्दल सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे. काका, तुम्ही त्या दिवशी येताय तर येताना पेढे फक्त माणसांपुरते आणा.