पाट्या वेगळ्या, गल्ला एकच

ब्रिटनमधल्या दोन बिंगो साइट्सपैकी चांगली कुठली, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: दोन्हींचा मालक कोण ते पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. एकीवर सूट घातलेला कोल्हा असतो, दुसरीवर मांजर, तिसरीवर गुलाबी रंगात चमचमणारी अक्षरं. लोक त्या कोल्ह्यामांजरात तुलना करत बसतात.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे हाच विषय निघाला. हाऊजीची आवड आपल्या लोकांना काही नवी नाही. गणपतीतली एखादी संध्याकाळ, सोसायटीचं गेट-टुगेदर, जल्दी फाइव्ह, फुल हाऊस आणि शेवटी खोटं ओरडणारे एक काका. ब्रिटिश बिंगोचं तिकीटही अगदी तेच: तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे, 1 ते 90. त्यामुळे इथे ब्रिटनमध्ये आलेल्या माणसाला ऑनलाइन बिंगो परका वाटत नाही, आणि 'यात काय एवढं' म्हणत खातं उघडलं जातं. मग दुसरीकडे वेलकम बोनस जास्त दिसतो म्हणून तिथे. मग तिसरीकडे. ग्रुपवर एकीने तिच्या तीन साइट्सची नावं टाकली, मी तिन्हींच्या पानांच्या तळाला जाऊन पाहिलं. कंपनी एकच!

यात बेकायदेशीर काहीच नाही, हे आधी सांगते. ब्रिटनमध्ये 2005 चा गॅम्बलिंग अ‍ॅक्ट आहे आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर, कंपनी जगात कुठेही बसलेली असो, ब्रिटिश गिऱ्हाईक घ्यायचं तर गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो. पण एका परवान्यावर किती नावांनी दुकान मांडायचं, यावर बंधन नाही. याला इथे 'व्हाइट लेबल' म्हणतात. परवाना, सॉफ्टवेअर, पैशांची देवघेव, ओळखपत्रांची तपासणी, कस्टमर केअर, सगळं एका कंपनीचं. नाव, चित्र आणि जाहिरात दुसऱ्याची. पुण्यात फूड अ‍ॅपवर 'बिर्याणी दरबार', 'पराठा अड्डा' आणि 'हेल्दी बाउल' अशी तीन हॉटेलं दिसावीत आणि डिलिव्हरीवाला तिन्ही डबे एकाच शटरमागून उचलत असावा, तसा हा प्रकार. इथे अशा साइट्सना सिस्टर साइट्स म्हणतात.

किती मोठं कुटुंब असू शकतं? आल्डर्नी बेटावरच्या जंपमन गेमिंग या कंपनीला 2022 मध्ये कमिशनने ग्राहकसुरक्षेतल्या आणि मनी लाँडरिंगविरोधी नियमांतल्या त्रुटींसाठी पाच लाख पौंड भरायला लावले, तेव्हा तिच्या छत्राखाली दोनशेहून जास्त साइट्स होत्या. दोनशे नावं, दोनशे 'नवीन' कॅसिनो, आणि चूक झाली तर जबाबदार एकच परवानाधारक.

मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या नावांचंही तेच. फॉक्सी बिंगो आणि गाला बिंगो या दोन्ही साइट्स एंटेन कंपनीच्या, लॅडब्रोक्स आणि कोरल ही बेटिंगची दुकानं जिची तीच. मेक्का बिंगो रँक ग्रुपचं. रँकने 2019 मध्ये स्ट्राइड गेमिंग विकत घेतली, तेव्हा किटी बिंगो आणि लकी पँट्स बिंगोही त्याच घरात आले. टोंबोला ही सुंडरलंडची कंपनी बराच काळ स्वतंत्र होती, स्वतःचे खेळ स्वतः बनवायची. फ्लटर या बड्या जुगार कंपनीने 40 कोटी पौंडांहून थोडी जास्त किंमत मोजून 2022 च्या सुरुवातीला तीही घेतली. तिचे खेळ अजून तिचेच आहेत, म्हणून मी तिला बाकीच्या गर्दीत धरत नाही. तुलना करायचीच तर अशा दोन साइट्सची करा, जिथे खरंच काहीतरी वेगळं आहे.

नावावर विसंबू नये याचा माझा आवडता दाखला टूटिंगचा. दक्षिण लंडनमधल्या टूटिंगला 1931 मध्ये उघडलेलं ग्रॅनडा सिनेमागृह आहे. आतून थेट गॉथिक चर्च वाटावं असं, आणि ग्रेड वन वारसा यादीतलं. 1976 पासून तिथे बिंगो चालू झाला. कितीतरी वर्षं पाटी गाला बिंगोची होती. 2015 मध्ये गालाचे हॉल वेगळ्या मालकाकडे गेले आणि 2018 मध्ये पाटी बदलून बझ बिंगो झाली. गाला हे नाव मात्र ऑनलाइन धंद्याकडे राहिलं. म्हणजे ज्या आजीबाई टूटिंगच्या हॉलमध्ये 'गालात' जायच्या आणि आता फोनवर गाला बिंगो खेळतात, त्यांना वाटतं आपण त्याच जुन्या दुकानात आहोत. दुकान वेगळं, मालक वेगळा, जुनं आहे ते फक्त नाव. उलट एकमेकींशी स्पर्धा करतायत असं वाटणाऱ्या फॉक्सी आणि गाला एकाच घरच्या.

(टूटिंगला गेलात तर न खेळताही तो हॉल आतून बघायचा प्रयत्न करा. मागच्या गल्लीत डोसाही चांगला मिळतो.)

आता मला खरं जे म्हणायचंय ते. या साइट्सना बिंगो साइट म्हणतात, पण त्या बिंगोवर थांबत नाहीत. हॉलमध्ये बिंगो खेळताना माणसाचे डोळे तिकिटावर आणि हात डॉबरवर, म्हणजे आकडे खोडायच्या जाड पेनावर, असतात. सहा तिकिटांची स्ट्रिप घेतली तर 1 ते 90 मधला प्रत्येक आकडा त्यात कुठेतरी असतोच, त्यामुळे दर कॉलला काहीतरी खोडायचं असतं. दुसरं काही करायला फुरसत नसते. ऑनलाइन आकडे मशीनच खोडतं. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी फुल हाऊस लागला तर पैसे खात्यात. सोयीचं आहे, पण हात रिकामे राहतात. आणि त्या रिकाम्या हातांसाठी बिंगोच्या खिडकीशेजारीच स्लॉटची, म्हणजे पैसे लावून चक्र फिरवायच्या खेळाची, छोटी खिडकी ठेवलेली असते. पाच पेन्सच्या तिकिटावर तासभर बसलेला माणूस त्या शेजारच्या खिडकीत दहावीस पौंड घालवून उठतो आणि घरी सांगतो, 'बिंगो खेळत होतो.'

म्हणून बिंगो साइट्सची तुलना करताना बिंगोच्या बक्षिसांपेक्षा स्लॉट्सकडे नीट बघायला हवं. तिथे बघायचा आकडा म्हणजे आरटीपी: लावलेल्या प्रत्येक शंभर पौंडांमागे दीर्घकाळात किती परत येतात. लोकांना वाटतं एक खेळ म्हणजे एक आकडा. तसं नाही. 'बुक ऑफ डेड' हा सगळीकडे दिसणारा स्लॉट घ्या. प्लेन गो ही कंपनी तो 96.21, 94.25, 91.25, 87.25 आणि 84.18 टक्के अशा पाच मापांत देते, कुठलं लावायचं ते कॅसिनो ठरवतो. चित्र तेच, संगीत तेच, इजिप्तचा फॅरोही तोच. वीस पेन्सने मिनिटाला दहा वेळा चक्र फिरवलंत तर तासाला 120 पौंड फिरतात. 96.21 वर सरासरी साडेचार पौंड जातील, 94.25 वर सात, 87.25 वर पंधरा. तीन साइट्सवर तोच खेळ खेळून एक माणूस दुसऱ्याच्या तिप्पट गमावतो आणि दोष नशिबाला देतो.

हा आकडा दाखवणं इथे बंधनकारक आहे, पण तो खेळाच्या माहितीच्या पानात, नियमांच्या तळाशी असतो. कुठल्याही तुलनेत माझ्या मते पहिला रकाना हाच हवा. तुलना करून देणाऱ्या साइट्सवर तो क्वचित असतो, कारण त्या साइट्सना पैसे कुठून मिळतात ते बघा. कॅसिनोकडून. कधी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ठरलेली रक्कम, कधी त्या गिऱ्हाइकाने हरलेल्या पैशात टक्केवारी. म्हणजे 'आमची पसंती क्रमांक 1' असं लिहिणाऱ्याला तुम्ही हरलात की हिस्सा पोचतो! अशा माणसाचा सल्ला मी तरी घेणार नाही.

बोनसचंही गणित तेवढंच सोपं, फक्त कुणी करत नाही. दहा पौंडांचा बोनस आणि 65 पट वेजरिंगची अट, असं सर्रास दिसायचं. म्हणजे पैसे काढण्याआधी 650 पौंडांची खेळी करायची. 94 टक्क्यांच्या स्लॉटवर 650 पौंडांमागे सरासरी 39 पौंड जातात. दहाचा बोनस मिळवायला एकोणचाळीस पौंड जाळायचे, हा कुठला फायदा? वर 'जास्तीत जास्त इतकेच काढता येतील' ही अट असायचीच. 19 जानेवारी 2026 पासून कमिशनने वेजरिंग दहा पटींवर आणलं आहे. तेच गणित आता: 100 पौंडांची खेळी, सहा पौंड सरासरी तोटा, म्हणजे दहाच्या बोनसमधले चारेक उरण्याची शक्यता. किमान हिशोबात तरी बसतं.

त्याच दिवसापासून आणखी एक नियम आला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. 'बिंगोवर दहा पौंड लावा, स्लॉटचे पन्नास फ्री स्पिन घ्या' अशी दोन प्रकारचे जुगार जोडणारी ऑफर आता देता येत नाही. कमिशनलाही ती शेजारची खिडकी दिसली होती तर.

बाकीचे नियम थोडक्यात, कारण ते सगळ्या परवानाधारक साइट्सना सारखेच आहेत आणि तुलनेत त्यांचा उपयोग नाही. एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद. ऑक्टोबर 2021 पासून स्लॉटचं एक चक्र अडीच सेकंदांहून जलद नाही, ऑटोप्ले (चक्र आपोआप फिरत राहणं) नाही, काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढण्याची सोय नाही. एप्रिल 2025 पासून एका चक्राला जास्तीत जास्त पाच पौंड, मे 2025 पासून 18 ते 24 वयाच्या मुलांना दोन. कुणी 'आमच्याकडे ऑटोप्ले आहे, मर्यादा नाही' म्हणत असेल तर ती साइट चांगली नसून परवाना नसलेली आहे.

आणि इथे थोडं गंभीरपणे. ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी गॅमस्टॉप आहे. एकदा नाव नोंदवलं की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं ब्रिटिश परवान्याच्या सगळ्याच साइट्स बंद, मग नाव कोणतंही असो. 31 मार्च 2020 पासून सगळ्या कंपन्यांना ते सक्तीचं आहे. म्हणूनच 'नॉट ऑन गॅमस्टॉप' ही जाहिरात मला सगळ्यात घाणेरडी वाटते. ती नेमकी त्या माणसाला शोधते ज्याने स्वतःहून दार बंद करून घेतलंय. अशा साइट्सही जुळ्या-तिळ्या असतात, पण कमिशनच्या यादीत सापडत नाहीत. पैसे अडकले तर तक्रार न्यायला इथे जागा नाही. घरात कुणी या चक्रात असेल तर 0808 8020 133 ही नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे. 'लोक काय म्हणतील' हे नंतर बघू.

भारतातले भाऊबहीणही ही पोस्ट वाचतील म्हणून एवढंच: तुम्हाला रुपयांत बोनस देणाऱ्या ज्या साइट्स इन्स्टाग्रामवर दिसतात, त्यांचा वरच्या नियमांशी काही संबंध नाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केलाय. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटींचा कायदा वेगळा, गोव्याचा स्वतःचा. 'गोव्यात चालतं ना, मग फोनवर का नाही' हा युक्तिवाद माझ्या चुलतभावाने माझ्यावर वापरून झालाय.

तर मग तुलना करायची कशी? तळाला जा, कंपनीचं नाव आणि परवान्याचा क्रमांक बघा, त्यावर क्लिक केलं की कमिशनची नोंदवही उघडते. तिथे त्या कंपनीच्या सगळ्या डोमेनची यादी असते आणि आधी काय कारवाई झाली तेही. दोन्ही साइट्स एकाच यादीत निघाल्या तर तुलना तिथेच संपली, ज्या साइटवर किमान डिपॉझिट कमी ती घ्या आणि मोकळे व्हा. वेगवेगळ्या निघाल्या तर एकच स्लॉट दोन्हीकडे उघडून आरटीपी बघा.

आणि हे काम या वर्षी पुन्हा करा. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पाने ऑनलाइन गेमिंगवरचा कर 1 एप्रिल 2026 पासून 21 वरून 40 टक्के केला, आणि हॉलमधल्या बिंगोवरचा दहा टक्के कर काढूनच टाकला. टूटिंगच्या हॉलसाठी मला आनंदच आहे. पण ऑनलाइनवाले जवळपास दुप्पट झालेला कर स्वतःच्या खिशातून भरतील असं मला वाटत नाही. काही छोटी नावं बंद पडतील, काही मोठ्या घरात जातील, आणि 96 वाले खेळ गुपचूप 94 किंवा त्याखाली सरकवायचा मोह सगळ्यांनाच होईल. त्यामुळे मागच्या वर्षी पाहिलेल्या आरटीपीवर जाऊ नका.

कमेंटमध्ये साइटचं नाव टाकून 'ही कशी आहे' विचारू नका. परवान्याचा क्रमांक टाका, मग बोलू.